रात्रीचे साडेबारा आणि सेकंदकाटा

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. मी जुन्नर तालुक्यातली. रुग्णवाहिकेवरच्या तातडीच्या सेवेचं प्रशिक्षण नुकतंच पूर्ण केलं, पुढच्या महिन्याच्या एक तारखेला रुजू होणार आहे. दादाला मला घड्याळ भेट द्यायचंय. तो म्हणतो, स्मार्टवॉच घे. बाबा म्हणतात, माझं एचएमटी अजून उत्तम चालतंय, तेच वापर. आमच्या सरांनी फक्त ‘सेकंदकाटा हवा’ एवढंच सांगितलं. दुसरी अडचण अशी की फॉर्मवर चोवीस तासांची वेळ लिहायची असते, सैन्यात लिहितात तशी. दिवसा जमतं. सरावाच्या फॉर्मवर मी रात्रीच्या पाऊणला ‘१२:४५’ लिहिलं आणि खूप बोलणी खाल्ली. काही सोपी रीत सांगाल का?

उत्तर : घड्याळाचं आधी विचारलंस, पण मी वेळेपासून सुरू करते. तुझ्या सरांनी त्या पाऊणवरून एवढं का बोलावं, ते तुला कळायला हवं.

माझी चौतीस वर्षं कॅज्युअल्टीत गेली. त्यातली एक चिठ्ठी मला अजून जशीच्या तशी दिसते. श्रावणातली रात्र, पाऊस लागलेला, तीनला दहा मिनिटं कमी असताना जीपमधून एक गृहस्थ आले. उजवा हात-पाय लुळा, तोंड वाकडं, वाचा गेलेली. डोळे उघडे होते, आपण काय विचारतोय ते त्यांना कळत असावं, पण शब्द फुटत नव्हता. सोबत शेजारचा मुलगा, तो वाटेत फाट्यावर जीपमध्ये बसलेला. त्याला काहीच माहीत नाही. हातात एका छोट्या दवाखान्याची चिठ्ठी : ‘उजवी बाजू अशक्त, सुरुवात १२.३०.’ बास. तारीख नाही, दिवस की रात्र तेही नाही.

मेंदूत गुठळी अडकून पक्षाघात झाला असेल, तर ती विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यानंतर दिलं तर फायदा कमी आणि मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती जास्त. दुपारी साडेबाराला सुरू झालं असेल तर चौदा तास उलटून गेले होते, इंजेक्शनचा विषयच संपला. रात्री साडेबाराला झालं असेल तर दोन तास वीस मिनिटंच झाली होती. सीटी स्कॅन झाला, रक्तस्राव नव्हता. डॉक्टर औषध तयार ठेवून उभे, आणि आम्ही त्या मुलाच्या मोबाइलवरून गावात फोन लावत बसलो. पाऊस, रेंज नाही. अखेर बायको फोनवर आली तेव्हा चारला दहा कमी होते. म्हणाली, रात्री लघवीला उठले आणि मोरीपाशी पडले, उठताना माझ्याशी अगदी नीट बोलले होते. इंजेक्शन चार वाजून पाच मिनिटांनी गेलं. ते गृहस्थ पुढे काठी घेऊन चालायला लागले, पण बोलणं पुरतं परत आलं नाही. त्या चिठ्ठीवर ‘००:३०’ लिहिलं असतं तर इंजेक्शन तासभर आधी गेलं असतं. चिठ्ठी लिहिणारा माणूस निष्काळजी नव्हता गं, त्याने वेळ लिहिली होती. फक्त ती वाचणाऱ्याला पुरेशी नव्हती.

म्हणून चोवीस तासांची वेळ. सैन्यात चार आकडे सलग लिहितात, सकाळचे सहा चाळीस म्हणजे ०६४०. आपल्या फॉर्मवर मध्ये दोन टिंबं देतात, ०६:४०. दोन्ही एकच. आपला छापील फॉर्म सांगेल तसं लिही, पण सुरुवातीचं शून्य गाळू नकोस. ‘६:४०’ दिसलं की वाचणाऱ्याला शंका येते की लिहिणाऱ्याने चोवीस तासांची पद्धत पाळली की नाही.

वाचायची रीत सोपी. तासाचा आकडा १२ पर्यंत असेल तर जसा आहे तसा. १३ किंवा पुढे असेल तर त्यातून दोन वजा कर आणि दहा सोडून दे : १७ मधून दोन गेले १५, म्हणजे पाच. २१ मधून दोन गेले १९, म्हणजे रात्रीचे नऊ. लिहिताना दुपारी एकपासून रात्री अकरापर्यंत बारा मिळव. सगळा घोळ दोनच जागी होतो, दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा. दुपारचे बारा हे १२च राहतात. रात्रीचे बारा वाजले की घड्याळ शून्यावर येतं : ००:००, ००:०१, ००:४५. तुझी रात्रीची पाऊण ती ००:४५, आणि तिची तारीख पुढच्या दिवसाची. ‘२४:४५’ असं कधीही लिहू नकोस. बरोब्बर मध्यरात्रीची नोंद करायची वेळ आली तर मी ००:०१ लिहायचे. आम्हाला तसंच शिकवलं होतं, कारण ००:०० बघून कुठल्या तारखेची मध्यरात्र, असा प्रश्न कुणीतरी विचारतोच.

तारखेचं हे प्रकरण आपल्या लोकांमध्ये जास्त अवघड आहे आणि त्याचं कारण आपल्या पंचांगात आहे. आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. आजीबाई म्हणतात, ‘सोमवारी रात्री दोनला दम लागला,’ तेव्हा कॅलेंडरवर मंगळवार लागलेला असतो. त्या चुकत नाहीत, त्यांचा सोमवार अजून चालूच असतो. चुकू शकतेस ती तू, फॉर्म भरताना. म्हणून मध्यरात्रीनंतरची वेळ कुणी सांगितली की मी एक जोडप्रश्न विचारायचे : ‘म्हणजे झोपून उठल्यावर, की झोपायच्या आधी?’ आणि मग तारीख माझ्या घड्याळाप्रमाणे लिहायचे. रेल्वेच्या तिकिटावर ००:२० ची गाडी बघून बरोब्बर एक रात्र उशिरा स्टेशनवर पोचलेली कुटुंबं तू पाहिली असशील. तीच ही चूक.

आणखी एक. हल्लीच्या मुलामुलींना पावणे आणि सव्वा यांत गोंधळ होतो, शाळा इंग्रजी माध्यमाची असली की विशेष. नातेवाईक ‘पावणेदोनला’ म्हणाले की ते २:४५ लिहून मोकळे होतात. पावणेदोन म्हणजे दोनला पाव कमी, १:४५. दीड, अडीच, सव्वा, पावणे, साडे, हे सगळं तोंडपाठ कर आणि रुग्णाच्या घरच्यांसमोर आकड्यांत परत म्हणून दाखव : ‘म्हणजे रात्रीचे एक पंचेचाळीस ना?’ मान हलली की मगच लिही. त्यांना घड्याळच माहीत नसेल तर शेवटची एसटी, भोंगा, लाईट गेली ती वेळ, टीव्हीवरची मालिका, काहीही चालतं. आणि पक्षाघातात ‘त्रास कधी सुरू झाला’ एवढंच विचारू नकोस. ‘शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं?’ असं विचार. सकाळी सहाला उठले तेव्हा तोंड वाकडं होतं, तर वेळ ०६:०० नव्हे. रात्री साडेतीनला पाणी मागितलं आणि नीट बोलले, तर ०३:३०. तेही कुणाला ठाऊक नसेल तर झोपायला गेले ती वेळ.

सवयीसाठी आजच मोबाइल चोवीस तासांवर लाव, रात्री झोपताना आणि उठताना वेळ मोठ्याने म्हण. पंधरा दिवसांत डोक्यातली बेरीज-वजाबाकी थांबते.

आता घड्याळ.

सर सेकंदकाटा म्हणाले ते खरं आहे, पण तो का हवा हे हातात नाडी धरल्याशिवाय कळत नाही. नुसत्या आकड्यांच्या घड्याळावर ३७ व्या सेकंदाला मोजायला सुरुवात केलीस, तर तीस सेकंद कुठे संपणार याचा हिशेब करावा लागतो : ०७ ला. त्याच वेळी मनात ठोक्यांचे आकडे चाललेले असतात, बावीस, तेवीस, चोवीस. दोन आकडे एकमेकांत मिसळतात आणि मोजणी फसते. काट्याचं तसं नसतं. काटा जिथे होता त्याच्या बरोब्बर समोर आला की तीस सेकंद झाले. डोळा बघतो, मन मोजतं. नाडी नियमित असेल तर तीस सेकंद मोजून दुप्पट कर. मध्येच ठोका चुकत असेल तर अख्खं मिनिट मोज. श्वास मात्र नेहमी अख्खं मिनिट. नाडीसाठी घड्याळ ही कल्पना जुनी आहे बरं का. इंग्लंडमधल्या जॉन फ्लॉयर नावाच्या डॉक्टरांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला केवळ नाडी मोजण्यासाठी एक मिनिट चालणारं घड्याळ बनवून घेतलं होतं. त्या काळी घड्याळांना सेकंदकाटा सहसा नसायचा.

पण काट्यांच्या घड्याळात रात्र-दिवस दिसत नाही. तबकडीच्या आतल्या बाजूला १३ ते २४ छापलेलं असलं, तरी काटा दोन्ही आकड्यांवरच असतो. म्हणून मी तुला दोन्ही असलेलं सुचवेन : वर काटे, खाली छोट्या खिडकीत आकडे. दुकानात ‘अ‍ॅना-डिजी’ म्हणून माग. खिडकी चोवीस तासांवर लाव, तारीख दिसते का बघ. काटे नाडीसाठी, खिडकी फॉर्मसाठी. एकच गोष्ट तपासून घे, की त्यात खरोखर सेकंदकाटा आहे. बऱ्याच अ‍ॅना-डिजी घड्याळांत फक्त तास आणि मिनिटाचे काटे असतात, सेकंद खिडकीतच पळतात. तसं असेल तर नको. मिळालंच नाही, तर काट्यांचं साधं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं, घड्याळ घे आणि चोवीस तासांचं काम डोक्याने कर.

तबकडी पांढरी किंवा काळी, एकरंगी. साठही खुणा छापलेल्या हव्यात आणि सेकंदकाट्याचं टोक त्या खुणांपर्यंत पोचायला हवं. काटा लाल असला तर फार बरं. दुकानातल्या झगमगाटात सगळीच घड्याळं छान दिसतात, म्हणून दुकानदाराला सांगून काउंटरखालच्या अंधारात धरून बघ. घाटात, पावसात, रुग्णवाहिकेचा मागचा दिवा मंद असताना तुला तेच दिसणार आहे. चमकणारा रंग पहाटेपर्यंत फिका पडतो, त्यामुळे बटणाचा दिवा असलेलं चांगलं.

पाण्याबाबत : मागच्या झाकणावर ‘३० मीटर’ लिहिलं असेल तर ते शिंतोड्यांपुरतं. तीस मीटर खोल पाण्यात चालेल असा त्याचा अर्थ नाही. तुला रोज धुवायचं आहे, तेव्हा ५० तरी बघ, १०० मिळालं तर निर्धास्त. पट्टा रबराचा किंवा सिलिकॉनचा, गुळगुळीत. चामडं आणि कापड रक्त-घाम शोषून घेतात, कितीही पुसलं तरी निघत नाही. धातूच्या साखळीच्या कड्यांत घाण अडकते, हातमोजा फाटतो आणि म्हाताऱ्या माणसाला उचलताना त्याची पातळ कातडी सोलवटते. मी ते होताना पाहिलंय, ती जखम भरायला तीन आठवडे लागले. ड्युटीवर बांगड्या आणि अंगठ्याही नकोत, आईला मी सांगितलं म्हणून सांग. बाळंतपणाची किंवा मोठ्या जखमेची केस असेल तर घड्याळ मनगटावरून काढ आणि छातीच्या खिशाला अडकव. पूर्वी आम्ही ॲप्रनला उलटं टांगलेलं पिनचं घड्याळ वापरायचो. मान खाली घातली की सुलट दिसायचं आणि हात कोपरापर्यंत मोकळे धुता यायचे. अजून मिळतं, हवं तर दुसरं म्हणून घे.

स्मार्टवॉच नको असं माझं स्पष्ट मत आहे. दादाला वाईट वाटेल, पण त्याला कारणं सांग. चोवीस तासांच्या ड्युटीत ते कधी उतरेल सांगता येत नाही. ओल्या हातमोज्याने त्याची काच ऐकत नाही. बरीचशी मनगट वळवल्याशिवाय उजळत नाहीत, आणि नाडी धरलेली असताना मनगट वळवायला मोकळीक नसते. त्यात ठोके दिसतात ते तुझे, रुग्णाचे नाहीत.

बाबांच्या एचएमटीबद्दल लिहिताना माझा हात जरा थांबला. माझं पहिलं घड्याळही बंगळूरचं एचएमटीच होतं, पहिल्या पगाराचं, रोज सकाळी चावी द्यायचे. पण चावीचं घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट इकडेतिकडे जाणं हा त्याचा दोष मानत नाहीत, त्याची जातच ती. आठवड्यात तीन-चार मिनिटांचा फरक पडतो. क्वार्ट्झ महिन्याला पंधरा-वीस सेकंदांच्या आत राहतं. बाबांचं घड्याळ सणासुदीला घाल, त्यांना ते जास्त आवडेल.

घड्याळ कितीही चांगलं असलं तरी ड्युटीवर चढलीस की एक काम रोज कर : कंट्रोल रूमची वेळ, तुझं घड्याळ आणि गाडीतल्या मॉनिटरचं घड्याळ, तिन्ही पडताळून बघ. कॉल आल्याची वेळ कंट्रोलच्या घड्याळाची असते, ईसीजीच्या पट्टीवर मॉनिटरची छापली जाते आणि औषध दिल्याची तू लिहितेस. मॉनिटर सहा मिनिटं पुढे असेल, तर कागदावर तू लिहिलेली विजेच्या झटक्याची वेळ पट्टीवरच्या हृदय थांबल्याच्या वेळेआधीची दिसू शकते. केस पोलिसांकडे किंवा कोर्टात गेली की त्या सहा मिनिटांचा जाब तुलाच विचारतील. फरक असेल तर तो नोंदवहीत लिहून ठेव आणि मॉनिटर दुरुस्त करून घे. लिहिलेली वेळ चुकली तर गिरवू नकोस. एक आडवी रेघ मार, शेजारी बरोबर वेळ लिही, सही कर.

सीपीआर, म्हणजे छाती दाबून थांबलेलं हृदय चालवणं, चालू असताना वेळ लक्षात राहते असं कुणालाही वाटू नये. दर दोन मिनिटांनी छाती दाबणारा बदलायचा, अ‍ॅड्रिनलिन (हृदय पुन्हा चालू व्हावं म्हणून द्यायचं औषध) दर तीन ते पाच मिनिटांनी, नाडी बघायला दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही. त्या धावपळीत पाच मिनिटं कधी दोन वाटतात, कधी दहा. मी मायक्रोपोरची, म्हणजे ड्रेसिंगच्या कागदी चिकटपट्टीची, हातभर पट्टी मांडीवर चिकटवून ठेवायचे आणि पेनाने फक्त वेळ लिहीत जायचे : ०२:१४ सुरू, ०२:१६ बदल, ०२:१७ अ‍ॅड. नंतर ती पट्टी फॉर्मच्या मागे चिकटवायची. तूही खिशात एक रोल ठेव. साप चावलेल्या रुग्णाच्या रक्ताची नळी वीस मिनिटं न हलवता ठेवतात, मग तिरकी करून रक्त गोठलं का बघतात. त्या नळीवरही हीच पट्टी लावून वेळ लिहायची. बाराव्या मिनिटाला कुणीतरी उत्सुकतेने नळी हलवतं आणि चाचणी वाया जाते.

रुजू झालीस की पहिल्या रात्रपाळीनंतर मला पत्र लिही. वेळ घालून.

प्रश्न : आमच्या नातीचा जन्म रुग्णवाहिकेतच झाला, देवाच्या कृपेने दोघी सुखरूप. आम्ही तेरा तारखेची रात्र धरतो, पण नोंद चौदा तारखेची, ००:१० अशी झाली आहे. पत्रिकेसाठी कोणती वेळ धरावी? तारीख बदलून मिळेल का? — एक आजोबा, सोलापूर जिल्हा

उत्तर : आजोबा, नातीचं अभिनंदन. नोंद बरोबर आहे, ती बदलायला जाऊ नका. मध्यरात्रीनंतर दहा मिनिटांनी जन्म झाला, म्हणजे कॅलेंडरप्रमाणे चौदा तारीखच. दाखल्यावर, शाळेत, पुढे पासपोर्टवर तीच राहील. पंचांगाचा वार सूर्योदयापर्यंत आधीचाच असतो, त्यामुळे तुम्ही म्हणता तेही तुमच्या जागी खरं आहे. गुरुजींना ‘चौदा तारीख, रात्री बारा वाजून दहा मिनिटं’ असं पूर्ण सांगा, वार ते धरतील.

जन्मवेळ कोणती, यावर मात्र घराघरांत वाद होतात म्हणून लिहिते. बाळ पूर्ण बाहेर आलं तो क्षण. पहिलं रडणं नाही, नाळ कापली तीही नाही. त्या मिनिटापासूनच आम्ही पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बाळाचा रंग, हालचाल, ठोके, श्वास बघून गुण देतो, त्यामुळे ती वेळ लिहिणाऱ्याने मन लावून लिहिलेली असते. जन्माची नोंदणी २१ दिवसांच्या आत करून घ्या.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. बाळांचे श्वास मोजायचं माझं टायमर बंद पडलंय, नवीन यायला वेळ लागेल. साध्या घड्याळावर मोजलं तर चालेल का?

उत्तर : चालेल, सेकंदकाटा असेल तर उत्तम चालेल. घड्याळ बाळाच्या पोटाशेजारी धरा, म्हणजे काटा आणि पोटाची हालचाल एकाच नजरेत येतात. अख्खं मिनिट मोजा, तीस सेकंदांची दुप्पट नको, तान्ह्यांचा श्वास मध्येच जलद, मध्येच संथ होतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, तर श्वास जलद आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त आले तर एकदा परत मोजा. छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध घेत नसेल, तर आकड्यापाशी थांबू नका, १०८ ला फोन करा. आणि बाळ रडत असेल तर मोजू नका. पाजून होऊ दे, आईच्या मांडीवर शांत होऊ दे. झोपलं असेल तर उठवू नका, झबलं हळूच वर करून तसंच मोजा.